न्यूकॅसल ब्राऊन एल : नाव गावाचं, बाटली परगावची

एखाद्या जिन्नसाला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं की आपल्याकडे त्या भागात आनंदीआनंद असतो. पेपरात बातमी येते, पुढारी सत्कार करतात, बनवणाऱ्यांना वाटतं आता आपल्या मालाची नक्कल करायची कुणाची टाप नाही. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला असलेल्या न्यूकॅसल शहराच्या ‘न्यूकॅसल ब्राऊन एल’ या बिअरलाही असं मानांकन युरोपीय महासंघाने २००० साली दिलं होतं. न्यूकॅसलमध्ये बनेल तीच न्यूकॅसल ब्राऊन एल, इतर कुठल्याही गावच्या बिअरला ते नाव लागणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

मग ज्या कंपनीने ते मिळवलं होतं तिनेच काही वर्षांत ते रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि २००७ साली मानांकन रद्दही झालं. कारण नियम मोडणारी कंपनी तीच होती. तिने आपली बिअर न्यूकॅसलबाहेर नेली होती.

ही गोष्ट एका बिअरची असली तरी तिच्यात ब्रिटनचा अख्खा बिअरधंदा दिसतो. गावातला कारखाना मोठ्या कंपनीत कसा विरघळतो, नाव जगभर पसरत असताना जन्मगावातली भट्टी कशी थंड होते, आणि कायद्याचं कवच असूनही ते का उपयोगी पडत नाही, हे सगळं एका बाटलीच्या आधाराने समजून घेता येतं.

फसलेला म्हणून टाकून द्यायचा प्रयोग

न्यूकॅसल टाइन नदीच्या काठी वसलं आहे. कोळशाच्या खाणी, जहाजबांधणी, तोफा आणि इंजिनांचे कारखाने यांवर हा सगळा परिसर उभा राहिला. इथल्या माणसांना ‘जॉर्डी’ म्हणतात. त्यांची बोली इतर इंग्रजांनाही पटकन कळत नाही आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. १८९० साली इथल्या पाच ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर बनवणारे कारखाने, एकत्र आल्या आणि ‘न्यूकॅसल ब्रुअरीज’ ही कंपनी झाली. या बिअरच्या लेबलवरच्या निळ्या चांदणीची पाच टोकं म्हणजे या पाच ब्रुअऱ्या.

पहिल्या महायुद्धात पराक्रम गाजवून परतलेला लेफ्टनंट कर्नल जिम पोर्टर या कंपनीत दाखल झाला. घराण्यात बिअर बनवण्याचा व्यवसाय होता, त्याची ही तिसरी पिढी. आर्ची जोन्स नावाच्या रसायनतज्ज्ञाला हाताशी धरून तो तीन वर्षं एका पाककृतीच्या मागे लागला होता. त्याला बनवायची होती बर्टन गावच्या प्रसिद्ध ‘बास’ बिअरसारखी बिअर. बर्टनच्या जमिनीखालच्या पाण्यात जिप्सम भरपूर असतं आणि तिथल्या फिकट रंगाच्या बिअरला त्यामुळे एक कोरडी, खणखणीत चव येते. ती दुसरीकडे आणणं सोपं नव्हतं. १९२७ साली पोर्टरच्या हाती जे आलं ते बासपेक्षा गडद, गोडसर आणि फळांच्या वासाचं होतं. प्रयोग फसला अशीच त्याची समजूत झाली होती. पण कंपनीने ती बिअर बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या स्पर्धेत तिला सुवर्णपदकं मिळाली. लेबलवर चांदणीही त्याच १९२८ साली आली.

आता ‘ब्राऊन एल’ म्हणजे काय, ते थोडक्यात. बिअर बनते ती बार्लीपासून. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे आणि मग ती भट्टीत वाळवायची, की झाला माल्ट. हा माल्ट किती भाजला यावर बिअरचा रंग आणि बरीचशी चव ठरते. कमी भाजला तर सोनेरी रंग येतो, जास्त भाजला तर तपकिरी किंवा काळा. माल्ट गरम पाण्यात घालून त्यातली साखर उतरवून घ्यायची, त्या पाण्यात कडवटपणासाठी हॉप्सची फुलं उकळायची, गार झाल्यावर यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि मद्यार्क तयार होतं. तुलनेने उबदार तापमानात, वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर ती ‘एल’. थंड तापमानात, तळाशी बसणाऱ्या यीस्टने बनवलेली ती ‘लागर’. आपल्याकडे बारमध्ये मिळणारी बहुतेक बिअर लागर असते.

न्यूकॅसल ब्राऊनचं वेगळेपण असं की ती मुळात दोन बिअरचं मिश्रण होती. एक कडक, जाड रसाची. दुसरी हलकी, फिक्या रंगाची. साखर जास्त असलेल्या रसात यीस्टला कष्ट पडतात आणि त्या धडपडीत फळांसारखा वास देणारी द्रव्यं जास्त तयार होतात. ती कडक बिअर स्वतंत्र विकली जात नसे, मिसळण्यापुरतीच बनवत. हलकी मात्र ‘न्यूकॅसल अंबर’ नावाने वेगळीही मिळायची. सुरुवातीला ब्राऊनमध्ये मद्यार्क सव्वासहा टक्के होता, पुढे तो ४.७ टक्क्यांवर आला.

पिंटाच्या, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोड्या मोठ्या, डझनभर बाटल्यांची किंमत तेव्हा ९ शिलिंग होती. १२ पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे एक बाटली ९ पेन्सला पडायची. पबमध्ये पिंपातून मिळणाऱ्या साध्या बिअरपेक्षा हा सौदा महाग होता. तरीही कामगार ती घ्यायचे, आणि त्याचं कारण बाटली. पिंपातली पारंपरिक एल ही जिवंत वस्तू असते. पिंपात यीस्ट असतं, आंबणं चालूच असतं. पबमालकाने तळघर थंड ठेवलं, नळ्या धुतल्या, पिंप वेळेत संपवलं तर ती बहारदार लागते. हयगय केली तर आंबट होते. बाटलीतली बिअर गाळून, तापवून, बंद करून यायची. आज घ्या, महिन्याने घ्या, ह्या पबमध्ये घ्या नाहीतर त्या पबमध्ये, चव तीच. घाम गाळून मिळवलेले पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवताना त्या खात्रीला किंमत होती.

पिण्याची पद्धतही खास होती. बाटली मोठी आणि पेला लहान, अर्ध्या पिंटाच्या आसपासचा. पेल्यात थोडी ओतायची, दोन घोटांत संपवायची, पुन्हा ओतायची. त्यामुळे प्रत्येक घोटाला ताजा फेस मिळतो आणि बिअर पेल्यात कोमट होत बसत नाही. बार काउंटरवर एकेका माणसासमोर एक उंच बाटली आणि एक छोटा पेला हे न्यूकॅसलचं ठरलेलं दृश्य होतं. तिथले लोक तिला लाडाने ‘ब्रून’ म्हणतात, किंवा नुसतं ‘डॉग’. घरातून निघताना ‘कुत्र्याला फिरवून आणतो’ असं सांगून माणूस पब गाठायचा, त्यावरून.

बाटली पारदर्शक काचेची. आतला तांबूस तपकिरी रंग उठून दिसावा म्हणून ती दिसायला देखणी, पण बिअरच्या दृष्टीने घातक. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. त्याचा वास अतिशय उग्र असतो आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला जाणवतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्याच अंशी अडवते, म्हणून बहुतेक बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात. जवळच्या पबमध्ये आठवडाभरात संपणाऱ्या बाटलीला याचा फारसा त्रास नाही. तीच बाटली समुद्र ओलांडून सुपरमार्केटच्या ट्यूबलाइटखाली महिनाभर उभी राहिली की काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

पब कुणाचा, बिअर कुणाची

ब्रिटनमध्ये बिअरची गावोगावची नावं इतकी वर्षं टिकली कशी, हे समजायला एक पद्धत माहीत हवी. तिथे ब्रुअऱ्याच पब विकत घेऊन ठेवायच्या. पब चालवणारा माणूस भाडेकरू किंवा नोकर, आणि त्याने मालक ब्रुअरीचीच बिअर विकायची असं बंधन. अशा पबला ‘टाइड हाउस’ म्हणतात. त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या पबमध्ये कोणती बिअर मिळेल हे गिऱ्हाईक ठरवत नसे, इमारत कुणाच्या नावावर आहे त्यावर ते ठरायचं. एका भागात एका ब्रुअरीचे शे-दोनशे पब असले की तिथे तिचं राज्य. बाहेरची बिअर आत येत नाही, आतली बाहेर जात नाही.

बाटलीबंद बिअरला या कुंपणातून वाट मिळाली. ती दूर पाठवता येत होती, टिकत होती. एका टापूत जन्मलेल्या ब्राऊनला देशभर आणि पुढे परदेशात जाता आलं ते म्हणूनच.

१९६० साली न्यूकॅसल ब्रुअरीज एडिंबराच्या स्कॉटिश ब्रुअर्समध्ये विलीन झाली आणि ‘स्कॉटिश अँड न्यूकॅसल’ ही मोठी कंपनी जन्मली. पाटीवर न्यूकॅसलचं नाव होतं, पण मुख्यालय एडिंबराला. माझ्या मते या कहाणीतलं खरं वळण हेच आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कारखाना चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी हलला. निर्णय घेणारं टेबल तेव्हाच हललं होतं. त्या टेबलाभोवती बसलेल्यांच्या दृष्टीने न्यूकॅसलची ब्रुअरी ही अनेक ब्रुअऱ्यांपैकी एक होती.

पुढच्या काळात धंद्याची हवा बदलत गेली. १९७९ हे ब्रिटनमध्ये बिअरच्या खपाचं शिखर ठरलं, तिथून खप उतरणीला लागला. गिऱ्हाईक एलकडून लागरकडे वळलं. लोक पबऐवजी सुपरमार्केटमधून बाटल्या-डबे घेऊन घरी पिऊ लागले. १९८९ साली सरकारने टाइड हाउसच्या पद्धतीवर हातोडा मारला. दोन हजारांहून अधिक पब असलेल्या ब्रुअऱ्यांना वरच्या पबांपैकी निम्म्यांवरचं बंधन सोडावं लागलं. हेतू असा की छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअरला पबमध्ये जागा मिळावी. प्रत्यक्षात बड्या कंपन्यांनी पबच विकून टाकले, ते पब नव्या पब-कंपन्यांनी घेतले, आणि या पब-कंपन्या सर्वांत जास्त सूट देणाऱ्याकडून घाऊक बिअर घेऊ लागल्या. सर्वांत जास्त सूट अर्थातच सर्वांत मोठा कारखानदार देऊ शकतो. गावच्या ब्रुअरीला स्वतःच्याच गावात असलेला आधार असा निसटला.

स्कॉटिश अँड न्यूकॅसल या लाटेत बुडाली नाही, उलट वर आली. १९९५ साली तिने कुरेज ही जुनी इंग्लिश कंपनी घेतली. २००० साली फ्रान्सची क्रोनेनबुर्ग घेतली. २००३ मध्ये आपले पब सुमारे अडीच अब्ज पौंडांना विकून ती पूर्णपणे बिअर बनवणारी आंतरराष्ट्रीय कंपनी झाली.

आणि याच काळात ब्राऊनचा सुवर्णकाळ चालू होता. न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टावर १९८० च्या दशकात निळी चांदणी होती. केव्हिन कीगन ती मिरवत खेळला. १९९५ ते २००० या काळात तर शर्टावर थेट ब्राऊन एलचं बोधचिन्ह होतं. पहिल्याच मोसमात हा संघ १२ गुणांची आघाडी घेऊन लीग जिंकायच्या बेतात होता. ती हातची गेली, पण त्या शर्टाची आठवण आजही तिथे निघते. विद्यापीठांमधले विद्यार्थी ही बिअर पिऊ लागले होते. अमेरिकेत तिला वेगळाच मान मिळाला. तिथे हलक्या, पांचट लागरचा सुकाळ असताना ही तपकिरी, माल्टाच्या चवीची ‘विलायती’ बाटली उठून दिसायची. काही वर्षांत इंग्लंडपेक्षा अमेरिकेत तिचा खप जास्त झाला.

त्याच वर्षांत टाइनकाठचे जहाजांचे धक्के ओस पडत होते, १९८४-८५ च्या संपानंतर खाणी एकेक करून बंद होत होत्या. ज्या कामगारांनी ही बिअर मोठी केली त्यांचं काम संपत होतं, आणि त्यांच्या आयुष्याचा रांगडा वास बाटलीत भरून जगभर विकला जात होता. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ब्रँड असाच वाढतो. त्याला माणसांची गोष्ट हवी असते. माणसं तिथे राहतात की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

२००४ : हिशेब

न्यूकॅसलची टाइन ब्रुअरी शहराच्या ऐन मध्यात, सेंट जेम्स पार्क या फुटबॉल मैदानाला अगदी खेटून होती. सामन्याला जाणाऱ्या माणसाच्या नाकात उकळत्या माल्टाचा वास शिरायचा. २२ एप्रिल २००४ रोजी कंपनीने ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. जवळपास १७० नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी एडिंबरामधली फाउंटनब्रिजची ब्रुअरी बंद करण्याचाही निर्णय झाला, म्हणजे कंपनी ज्या दोन गावांतून घडली त्या दोन्ही गावांतल्या तिच्या भट्ट्यांवर एकाच वर्षात टाळं लावायचं ठरलं.

ब्राऊन चांगली खपत असताना तिचा कारखाना का बंद करायचा? बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडं वाटतं. उत्तर ब्रुअरीच्या खर्चात आहे. बिअर बनवायला लागणारी बार्ली, हॉप्स आणि पाणी यांचा खर्च जेवढी बिअर बनवाल तेवढा. पण टाक्या, बॉयलर, बाटल्या भरायची यंत्रं, इमारत, पगार, देखभाल यांचा खर्च कारखाना पूर्ण चालला काय की अर्धा चालला काय, जवळपास तेवढाच राहतो. समजा एका कारखान्याचा असा ठरलेला खर्च १० लाख आहे. तिथे १० लाख बाटल्या भरल्या तर बाटलीमागे १ रुपया पडतो, ५ लाख भरल्या तर २. देशात बिअरचा खप घटला की प्रत्येक कारखाना थोडा थोडा रिकामा राहतो. तीन अर्धवट चालणारे कारखाने बंद करून सगळं काम दोन भरगच्च कारखान्यांत कोंबलं की प्रत्येक बाटली स्वस्त होते. त्या बाटलीवर कुठल्या गावचं नाव आहे हे या हिशेबात कुठे येतच नाही. शिवाय शहराच्या मध्यातली जमीन मोलाची होती. ती नगरपालिका, विद्यापीठ आणि विकास संस्था यांनी मिळून विज्ञाननगरीसाठी घेतली. आज तिथे ‘न्यूकॅसल हेलिक्स’ नावाचा कार्यालयं आणि प्रयोगशाळांचा परिसर उभा आहे.

ब्राऊन गेली ती नदीपलीकडे, गेट्सहेडमधल्या डन्स्टनला. तिथली फेडरेशन ब्रुअरी कंपनीने ७२ लाख पौंडांना विकत घेतली होती. या ब्रुअरीबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. पहिल्या महायुद्धानंतर बिअर महाग आणि पाणचट झाली होती, आणि ब्रुअऱ्या कामगारांच्या क्लबांना दाद देत नव्हत्या. तेव्हा ईशान्य इंग्लंडमधल्या कामगार क्लबांनी १९१९ साली एकत्र येऊन स्वतःची सहकारी ब्रुअरी काढली. बिअर क्लबांची, नफा क्लबांचा. जवळजवळ ८५ वर्षं ती चालली. पण खाणी आणि धक्के बंद झाल्यावर क्लबच रोडावले, आणि ज्या बड्या कंपन्यांना पर्याय म्हणून ती उभी राहिली होती त्यांच्यातल्याच एकीला तिला विकावं लागलं. ब्राऊनच्या कहाणीत फेडरेशनचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकतात. मला मात्र दोन्हींपैकी मोठं नुकसान हे वाटतं. ब्राऊनचं निदान नाव तरी राहिलं.

मे २००५ मध्ये टाइन ब्रुअरीतली शेवटची बाटली भरली गेली.

कवच कुणाच्या अंगावर होतं

आता मानांकनाकडे येऊ. ट्रेडमार्क आणि भौगोलिक मानांकन यांत लोक नेहमी गल्लत करतात. ट्रेडमार्क ही मालकाची मालमत्ता. तो विकता येतो, भाड्याने देता येतो, आणि त्या नावाचा माल मालक वाटेल त्या गावात बनवू शकतो. भौगोलिक मानांकन गावाला बांधलेलं असतं. त्या भागात, ठरलेल्या पद्धतीने बनवणाऱ्यालाच ते नाव लावता येतं, आणि त्यातून बाहेर पडलं की नाव गळून पडतं. युरोपीय महासंघात याचे दोन मुख्य प्रकार आहेत. कडक प्रकारात कच्चा माल ते शेवटची प्रक्रिया सगळं त्याच भागात व्हावं लागतं. सौम्य प्रकारात उत्पादनाचा निदान एक टप्पा तिथे झाला तरी चालतं. ब्राऊनला दुसरा, सौम्य प्रकार मिळाला होता, पण तिच्या नोंदणीत भाग म्हणून न्यूकॅसल शहर लिहिलेलं होतं. डन्स्टन नदीच्या दुसऱ्या काठावर, दुसऱ्या नगरपालिकेत. पूल ओलांडला आणि नियम मोडला.

आपल्याकडची तुलना करायची तर गोव्याच्या फेणीची करावी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्यात फेणी गाळणारे अनेक, बोंडूंचा रस काढून भट्टी लावणारी घरं वेगवेगळ्या गावांत विखुरलेली. त्यातल्या एखाद्याने उद्या धंदा गुंडाळला किंवा भट्टी राज्याबाहेर नेली तर नुकसान त्याचं. फेणी गोव्याचीच राहते, कारण नावावर हक्क एकट्याचा नाही. भारताच्या कायद्यात तर मानांकनाची नोंदणी मागायची असेल तर उत्पादकांची संघटना किंवा तशी संस्था लागते, एका कंपनीला ती स्वतःसाठी मागता येत नाही.

न्यूकॅसल ब्राऊन एल बनवणारी कंपनी जगात एकच होती. ट्रेडमार्क तिचा, कारखाना तिचा आणि मानांकनाचा लाभही तिचाच. न्यूकॅसलमध्ये दुसरा कुणी उत्पादक नव्हता जो म्हणेल, तुम्ही जा, आम्ही इथे बनवतो. म्हणजे कागदावर हे संरक्षण शहराला होतं, प्रत्यक्षात ते कंपनीच्या मर्जीवर होतं. बाहेरच्या नक्कल करणाऱ्याला अडवायला ते पुरेसं होतं. खुद्द मालकाने गाव सोडायचं ठरवलं तेव्हा त्याला अडवण्याची ताकद त्यात नव्हती, कारण मानांकन ‘इथे बनवली नाही तर हे नाव नको’ एवढंच म्हणतं, ‘इथेच बनवा’ अशी सक्ती करत नाही. आणि नाव तर ट्रेडमार्कमुळे कंपनीकडेच राहणार होतं. म्हणून मानांकन सोडून देणं तिला स्वस्तात पडलं.

माझ्या मते दोष युरोपीय महासंघाकडे जातो, कंपनीकडे त्यानंतर. एकाच उत्पादकाच्या ब्रँडला भौगोलिक मानांकन देताना तो उत्पादक गेला तर काय, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

पुढचे मुक्काम

२००८ साली हायनेकेन आणि कार्ल्सबर्ग यांनी मिळून स्कॉटिश अँड न्यूकॅसल ७८० कोटी पौंडांना विकत घेतली आणि तिचे तुकडे वाटून घेतले. कार्ल्सबर्गचा डोळा होता रशियातल्या भागीदारीवर. तिथली बाल्टिका बिअर म्हणजे सोन्याची खाण समजली जात होती. ब्रिटनमधला धंदा हायनेकेनच्या वाट्याला आला आणि त्याबरोबर ब्राऊन. एवढ्या मोठ्या व्यवहारात ती एक किरकोळ बाब होती.

या वाटणीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. स्कॉटिश अँड न्यूकॅसलने २००५ च्या सुमारास किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजमध्ये मोठा हिस्सा घेतला होता. २००८ च्या व्यवहारात तो हायनेकेनकडे गेला आणि २०२१ मध्ये हायनेकेनने बहुसंख्य मालकी मिळवली. तळोज्याला आणि छत्रपती संभाजीनगरला किंगफिशर बनवणाऱ्या ब्रुअऱ्यांची मालकी आज ज्या कंपनीकडे पोचते, तीच न्यूकॅसल ब्राऊनची मालक आहे.

२००९ मध्ये हायनेकेनने डन्स्टनचा कारखानाही बंद करायचं जाहीर केलं आणि २०१० मध्ये ब्राऊन यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला, जॉन स्मिथच्या ब्रुअरीत गेली. न्यूकॅसलपासून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. डन्स्टनच्या ६३ जणांची नोकरी गेली आणि टाइनकाठी ब्राऊन बनायची थांबली ती कायमची.

एव्हाना अमेरिकेतही वारं फिरलं होतं. छोट्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांचं पेव फुटलं होतं. हॉप्सचा भडक सुवास असलेल्या त्यांच्या बिअरपुढे ब्राऊन जुनाट वाटू लागली. जी एके काळी तिथे अपूर्वाईची होती तिच्याहून धाडसी चवीच्या डझनभर बिअर आता प्रत्येक गावात बनत होत्या. हायनेकेनने जाहिरातींवर जोर दिला. २०१४ च्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी अभिनेत्री ॲना केंड्रिकला घेऊन, ‘जी जाहिरात करायला आमच्याकडे पैसे नव्हते तिची जाहिरात’ केली. तिची खूप चर्चा झाली, खपाची घसरण मात्र थांबली नाही. दरम्यान बिअरच बदलू लागली. रंगासाठी वापरायचं कॅरॅमल २०१५ मध्ये काढून भाजलेला माल्ट आला. मग निर्यातीची बिअर नेदरलँड्समधल्या झूटरवाउडे इथे बनू लागली.

२०१९ साली अमेरिकेपुरतं शेवटचं बंधनही सुटलं. हायनेकेनच्याच मालकीच्या लागुनितास या अमेरिकन ब्रुअरीने ब्राऊनची नवी पाककृती केली. यीस्ट लागुनितासचं, हॉप्स सेंटेनियल आणि चिनुक या अमेरिकन जातींचे. पोर्टर आणि जोन्स यांनी तीन वर्षं खपून जे जमवलं होतं त्यातलं यीस्ट गेलं, हॉप्स गेले, पाणी तर केव्हाच गेलं होतं. लेबलवर निळी चांदणी आणि ‘न्यूकॅसल’ तेवढं राहिलं.

चव बदलली म्हणून हळहळणाऱ्यांना कंपन्यांकडून एक उत्तर हमखास मिळतं : पाककृती तीच असेल तर कुठे बनवली याने काय फरक पडतो? तांत्रिक दृष्ट्या त्यात तथ्य आहे. आजच्या ब्रुअऱ्या पाण्यातले क्षार हवे तसे कमी-जास्त करू शकतात, यीस्ट प्रयोगशाळेत जपतात, आणि टॅडकास्टरची बाटली डोळे मिटून चाखली तर डन्स्टनच्या बाटलीहून वेगळी ओळखणं अवघड जाईल. पण मग याच उत्तराची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. गावाने फरक पडत नसेल तर लेबलवर गाव कशाला? न्यूकॅसलचं नाव, तिथला पूल, तिथला फुटबॉल यांच्या जोरावर बाटली विकायची आणि न्यूकॅसलच्या माणसाला पगार देताना मात्र गावाचा संबंध नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने २०२१ पासून भौगोलिक मानांकनाची स्वतःची पद्धत सुरू केली. केंट परगण्यातल्या ‘केंटिश एल’चं संरक्षण त्यात चालू आहे. न्यूकॅसलमध्ये आज छोट्या ब्रुअऱ्या आहेत, त्यांना तपकिरी एल उत्तम जमते. पण त्यांच्यापैकी कुणी न्यूकॅसलच्या पाण्याने, न्यूकॅसलच्या माणसांच्या हातून तपकिरी एल बनवून तिला ‘न्यूकॅसल ब्राऊन एल’ म्हणून विकायला गेलं, तर ते जमणार नाही. त्या नावाचा ट्रेडमार्क हायनेकेनकडे आहे.